वाऱ्याचं पाणी

तेरीनाला कुणी एका शब्दानं बोललं नाही, हीच तर पंचाईत होती. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या, कुणी रस्त्यात तोंड फिरवलं असतं, तर तिनं ते मुकाट सोसलं असतं आणि निदान डोळ्याला डोळा लागला असता. पण वायकेरीची माणसं त्या आठवड्यात तिच्याशी इतकी गोड वागली म्हणता! अहो, डुगलनं तर केक आणून दिला. डुगलनं! जो माणूस स्वतःच्या बहिणीला नाताळात घरच्या दुधाची बाटली द्यायला का-कू करतो, त्यानं.

केकचं नंतर सांगते. आधी तळ्याचं.

आमचं तळं आणि समुद्र यांच्यामध्ये गोट्यांचा एक लांबलचक बांध आहे. तो कुणी घातलेला नाही, लाटाच गोटे आणून रचतात. डोंगरातून ओढे येतात, तळं भरत जातं, पाण्याला जायला वाट नाही, मग ते काठच्या कुरणांत शिरतं. तेव्हा कौन्सिलचं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेचं म्हणा, पोकलेन येतं, बांधाला चर मारतं, आणि तळ्याचं पाणी आपल्याच जोरानं तो चर रुंद करत समुद्राला मिळतं. याला आम्ही ‘तोंड उघडणं’ म्हणतो. पुढे कधीतरी लाटा पुन्हा गोटे आणतात आणि तोंड मिटतं. पण ते उघडायचं कधी, यावरून वायकेरीत जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नांत आणि वाटण्यांत मिळून झाली नसतील. गाईवाल्यांना ते आज हवं असतं, मासेवाल्यांना परवा, पक्षीवाल्यांना कधीच नको असतं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की जुन्या पुलाच्या खांबावर मोजपट्टी आहे, तिच्यावर तांबडी रेघ आहे, पाणी रेघेला लागलं की कौन्सिलनं तोंड उघडायचं. आणि कौन्सिल म्हणजे, वायकेरीपुरती, तेरीना.

तेरीना आमचीच. आई शहरात कामाला, म्हणून लहानपण सगळं पेती आंटीच्या स्वयंपाकघरात गेलं. शिकली, कौन्सिलात लागली, आणि आमच्या भागाची जमीन, पाणी नि किनारा तिच्या गळ्यात पडला. कुणाच्या गोठ्याचं सांडपाणी ओढ्यात जातंय, कुणी वाळूच्या टेकडीवर गाडी घातली, सगळीकडे हिनं जायचं आणि वाईटपणा घ्यायचा. पेती आंटीचं पूर्ण नाव इरिहापेती. त्या नावानं तिला हाक मारणारा एकच माणूस उरला होता, तिचा भाऊ पाओरा. तोही गेल्या हिवाळ्यात गेला.

पाओराच्या मयताला तीन दिवस मराएवर, म्हणजे आमच्या सभाघरी, लांबलांबची माणसं येत होती. वायकेरीच्या मराएवर पाहुणा आला की त्याच्या पानात धुरावलेली वांब, सापासारखा लांब मासा, पडायचीच. ती आमची ओळख. माणसं दुसऱ्याच्या लग्नात बसून आमच्या वांबीच्या गोष्टी सांगतात. पण त्याआधीच आम्ही वांबींवर राहुई घातली होती. राहुई म्हणजे बंदी, पण सरकारी नव्हे. आपल्या माणसांनी आपल्यालाच घालून घेतलेली, म्हणून तर ती मोडायची कुणाची छाती होत नाही. कारण असं की वांब या तळ्यात एका माणसाच्या आयुष्याइतकी जगते. म्हातारी होते, आणि मग एका शरदात, चंद्र नसलेल्या रात्री, समुद्राकडे जायला बांधाशी येते. लांब कुठल्या ऊन समुद्रात जाऊन अंडी घालते आणि तिथेच संपते. आयुष्यात एकदाच जाते. मागची दोन वर्षं तोंड भलत्याच वेळी उघडलं आणि म्हाताऱ्या वांबी अडकून पडल्या. म्हणून आता आम्ही एकही धरायची नाही, सगळ्या जाऊ द्यायच्या, असं ठरवलं. आणि तो ठराव पेती आंटीनंच मांडला होता. त्यामुळे सख्ख्या भावाच्या मयताला तिनं पाहुण्यांना दुकानातली कोंबडी वाढली. कुणी काही म्हणालं नाही. पण वाढताना आंटीची मान वर झाली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तर मार्च संपत आला होता, म्हणजे आमच्याकडचा शरद, आणि मराएवर तोंडाची बैठक भरली होती.

“अमावास्या तोंडावर आलीय,” पेती आंटी म्हणाली. “तिला लागून पाऊस आहे. पाणी आपोआप चढेल. तेवढं थांबा. पोरी बांधाशी गोळा व्हायला लागल्यात.” पोरी म्हणजे वांबी.

“तुझ्या पोरी गोळा होतायत आणि माझ्या गाईंचे खूर कुजतायत,” डुगल म्हणाला. तळ्याच्या पुलाकडच्या काठाला त्याची कुरणं आहेत. “त्यांच्यासाठी राहुई घाल की एखादी!”

“डुगल, तुझ्या गाईंना राहुई घातली तर दूध कोण देणार, तू?”

सगळी हसली. तेरीना मात्र खाली बघून म्हणाली, “आंटी, ठरलंय ते ठरलंय. रेघेला पाणी लागलं की तोंड उघडणार. आधी नाही आणि नंतर नाही. मी पट्टी बघणार.”

“बघा गं बाई!” आंटीनं हात ओवाळले. “हिला कडेवर घेऊन मी शिकवलं, हे खरं पाणी आणि हे वाऱ्याचं पाणी. आता कौन्सिलनं पट्टी दिलीय म्हणे. पट्टी देताना डोळे काढून घेतले का गं तुझे?”

यावर जे हसू फुटलं ते काही थांबेना. पोकलेनवाला मर्व, जो कुठल्याच विनोदाला हसत नाही, तोसुद्धा टोपीनं तोंड झाकून हसला. तेरीना हसल्यासारखं करून गाडीत जाऊन बसली. आपल्याच घरात, आपल्याच माणसांत, आपल्याला कौन्सिलची म्हणून वेगळी काढली! नाकाला मिरच्या झोंबल्या तिच्या. बरं, आंटीलाही ते कळलं असणार. पण आंटी चुकून कधी शब्द मागे घेते का? नाव नको.

वाऱ्याचं पाणी म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. आमच्याकडे वायव्येकडून, डोंगर ओलांडून, एक गरम वारा येतो. तो सुटला की नवरे-बायका भांडतात, कुत्री कुणावरही भुंकतात. तोच वारा तळ्याचं पाणी ढकलत ढकलत पुलाच्या टोकाला आणतो. बशी कलती केली की चहा एका कडेला येतो ना, तसंच. पट्टीवर पाणी चढतं, पण तळ्यात थेंबभरही वाढलेलं नसतं, कारण वरच्या टोकाला तेवढाच चिखल उघडा पडलेला असतो. असल्या पाण्यावर तोंड उघडलं तर त्याला जोर नसतो. चर खोल होत नाही, आणि पहिली मोठी लाट तो बुजवून टाकते. वायकेरीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. इतकं कळतं, की नियम लिहिताना ते लिहायचं कुणाला सुचलंच नाही. कागदावर रेघ होती, वारा नव्हता.

बैठकीनंतर चौथ्या दिवशी वारा सुटला. सकाळपासून डुगलचे फोन. “रेघ बुडाली! ये आणि बघ! का त्याला पण आंटीची परवानगी लागते?”

तेरीना वरच्या रस्त्यानं निघाली. तळ्याच्या वरच्या टोकाला वळणावर तिनं पाहिलं, तर काळे हंस चिखलात चालत होते. जिथं काल पोहत होते, तिथं आज पाय उचलून उचलून, नव्या चपला घातल्यासारखे चालत होते. तेरीनाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली नाही, पण हळू झाली. तिला कळलं. अगदी लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी तिच्या कानांत ते हसू आलं. डोळे काढून घेतले का गं तुझे? तिनं पाय काढला आणि गाडी पुढे घेतली.

पुलाशी तांबडी रेघ पाण्याखाली होती. तिनं फोटो काढला. मर्व पोकलेन घेऊन हजर होता. सोमवारपासून त्याला दुसऱ्या नदीवर जायचं होतं.

“वारा आहे गं,” मर्व आकाशाकडे बघत म्हणाला.

“पट्टी पाहिलीस ना?”

“पाहिली.”

“मग?”

मर्वनं खांदे उडवले. “तू म्हणशील तसं.”

आता आमच्याकडे रीत अशी, की तोंड उघडणाऱ्यानं आधी पेती आंटीच्या स्वयंपाकघरात जायचं. चहा प्यायचा, सांगायचं, मग आंटी कोट घालून बांधावर येते आणि पाण्याशी दोन शब्द बोलते. तेरीनानं ही रीत एकदाही चुकवली नव्हती. त्या दिवशी तिनं गाडीत बसून फोनवर निरोप टाकला. ‘आज तोंड उघडतोय.’ निरोप वाचल्याच्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. खरं सांगायचं तर ती उत्तराची वाटच बघत होती. आंटीनं ‘थांब’ म्हणावं, दोन शिव्या द्याव्यात, म्हणजे हात काढून घेता येईल. नाही बोलायचं? नको बोलूस. तिनं काच खाली केली आणि मर्वला हात केला.

तोंड उघडलं. एरवी पाणी सुटतं तेव्हा बांध थरथरतो, उभं राहिलं तर तळपायांना कळतं. त्या दिवशी पाणी रेंगाळत गेलं. डुगलची कुरणं तेवढी मोकळी झाली. संध्याकाळी वारा पडला आणि उरलेलं पाणी मुकाट्यानं वरच्या टोकाकडे परत गेलं. दोन दिवसांनी समुद्र खवळला आणि तोंड मिटलं. मग अमावास्या आली. पाऊसही आला, आंटी म्हणाली होती तसाच. पण दोन दिवसांत खाली गेलेलं तळं भरायला तो कुठं पुरणार? पाणी रेघेच्या आसपासही आलं नाही.

वांबी मात्र आल्या. त्यांना पट्टी दिसत नाही.

उजाडताना डुगलचा फोन आला. या वेळी आवाज चढलेला नव्हता. “तेरीना, बांधावर ये. लवकर ये.”

ती पोचली तेव्हा बांधावर माणसं वाकून वाकून धावत होती. वांबींना समुद्राचा वास येतो. वाट मिटलेली, तर त्या गोट्यांवरून निघाल्या होत्या. माझ्या मांडीएवढ्या जाड, पन्नास-साठ वर्षांच्या म्हाताऱ्या. जाताना त्यांचे डोळे मोठे होतात, खोल समुद्रात दिसावं म्हणून. त्या मोठ्या डोळ्यांनी त्या बांधाच्या माथ्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथेच वाळल्या होत्या. काही पलीकडच्या उतारावर, लाटेपासून हातभर अंतरावर. समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. ज्यांच्यात धुगधुगी होती त्यांना लोक ओल्या गोणपाटात गुंडाळून समुद्राकडे पळवत होते. डुगलनं ट्रॅक्टरला गाईंच्या पाण्याचं टाकं लावून आणलं होतं आणि तो स्वतः त्यात कमरेएवढा उभा राहून वांबी घेत होता.

तेरीना गोट्यांवर गुडघ्यांवर बसली. समोरच्या वांबीला उचलायला गेली तर ती काठीसारखी कडक होती. दुसरी घेतली. तीही तशीच. तिसरीनं शेपटी हलवली. ती छातीशी धरून तेरीना धावली, बुटांसकट लाटेत शिरली. वांब क्षणभर तिच्या हातांवर तशीच पडून राहिली, मग निसटली. वाचली की मेली, कुणाला ठाऊक. तेरीनाला वाटलं, सकाळपासून आपण एवढं एकच काम धड केलंय, आणि तेही बहुधा नाही.

पेती आंटी झोपायच्या झग्यावर कोट आणि पायांत रबरी बूट घालून आली होती. तिनं तेरीनाला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बघा, आमची पोर आली धावत. कौन्सिलची माणसं अजून अंथरुणात असतील.”

“तू तरी काय करणार गं,” कुणीतरी म्हणालं. “रेघ बुडाली होती.”

“समुद्रच खवळला, त्याला कोण काय करणार,” मर्व म्हणाला. पण म्हणताना तो गोट्यांकडे बघत होता.

तेरीनाला वाटलं, कुणीतरी माझं थोबाड फोडा. कुणी फोडलं नाही. मेलेल्या वांबी कुणी घरी नेल्या नाहीत, राहुई होती ना. बांधाच्या मागे खड्डा करून पुरल्या. ऑफिसात साहेब म्हणाले, फोटो आहे, नियमाप्रमाणे झालंय, तू मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सभाघरातल्या बायकांनी तिच्या दारात भाजी ठेवली. मर्वनं न सांगता तिच्या अंगणातलं पडलेलं झाड कापून दिलं. आणि डुगल केक घेऊन आला. लेकीनं केलाय म्हणाला, नजरेला नजर न देता हातात कोंबला आणि ट्रॅक्टरवर बसून गेला. तेरीनानं केक टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. तिला तो कापवेना. ही माणसं मला धीर देतायत, आणि मी त्यांच्या म्हाताऱ्या पोरी मारल्या, त्याही एका हशापायी!

शेवटी केक उचलून ती पेती आंटीकडे गेली. आंटीनं काही न विचारता किटली ठेवली.

“आंटी, ते वाऱ्याचं पाणी होतं.”

“हं.”

“मला माहीत होतं. वरच्या टोकाला हंस चालत होते. मी पाहिलं आणि तरी गेले.”

आंटीनं सुरी काढली, केक जवळ ओढला. “रागानं केलंस?”

“तू सगळ्यांसमोर माझं हसं केलंस म्हणून.” आणि मग तेरीनाला रडू आवरेना. “एवढ्याशासाठी, आंटी! एवढ्याशासाठी! तू मला मार, मराएवर उभी करून सांग सगळ्यांना, पण अशी गोड नको वागूस. मला सहन होत नाही.”

आंटीनं सुरी खाली ठेवली.

“त्या दिवशी माझी चादर उडून डुगलच्या कुंपणावर गेली,” ती म्हणाली. “ती काढायला बाहेर आले, तर समोरून मर्वचं पोकलेन गेलं. आणि तेवढ्यात तुझा निरोप आला. चादर एका हातात, फोन दुसऱ्या हातात. ‘थांब’ एवढंच लिहायचं होतं. दोन अक्षरं. म्हटलं, चहाला आली नाही ना? मला निरोप टाकते? टाकू दे. फसू दे एकदा. मग येईल नाक मुठीत धरून.”

तेरीनाचं रडणं थांबलं.

“भावाच्या मयताला कोंबडी वाढली मी, त्या पोरींपायी,” आंटी म्हणाली. “आणि दोन अक्षरं लिहिली नाहीत.”

किटली उकळून उकळून आपोआप बंद झाली. कुणी उठलं नाही.

“आणि हा केक,” आंटी म्हणाली, “डुगलनं का दिला असेल असं वाटतं तुला? तो जन्मल्यापासून त्या कुरणात उभा आहे. त्याला वारा कळत नाही? मर्वला कळत नाही? माझी चादर उडते आणि बाकी वायकेरीचे कपडे काय खिळ्यांनी ठोकलेत? पोकलेन गावातून गेलं, पोरी. सगळ्यांच्या दारांवरून गेलं. तुझ्याशी गोड वागणारा एक एक माणूस मोज, म्हणजे तुला कळेल कोण कोण खिडकीत होतं.”

“मग आता?” तेरीनानं विचारलं. “माफ केलंस मला?”

“मी कोण करणारी? ज्यांनी करायचं त्यांना आपण पुरून आलो.”

आंटीनं केकचे दोन तुकडे केले आणि दोघींनी ते खाल्ले. चांगला झाला होता केक, तेच वाईट. पुढच्या बैठकीत तेरीना आणि आंटी दोघी उभ्या राहिल्या आणि दोघींनी जे होतं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. डुगल टोपी हातात फिरवत होता. राहुई आणखी वाढवायची का, एवढंच विचारलं गेलं आणि सगळ्यांचे हात वर झाले. नियमात वारा लिहायचं काम तेरीनाकडे आलं, ते तिनं केलं. पण त्या शरदात गेलेल्या वांबींच्या जागी जाण्याजोग्या म्हाताऱ्या पुन्हा कधी होतील, हे बघायला आंटी नसेल, मीही नसेन.

वसंतात एका सकाळी वारा सुटला. तेरीना नाष्टा टाकून वरच्या टोकाला आली. हंस चिखलात चालत होते. तिचा फोन वाजला, डुगल.

“रेघ बुडाली,” तो म्हणाला. मागे गाई हंबरत होत्या. “कुरणात घोट्याएवढं पाणी आहे.” मग तो घसा खाकरला. “वाऱ्याचं आहे. उघडू नकोस.”

तिनं ठेवला तर मर्वचा आला. मर्वचं एकच वाक्य, “वारा आहे गं.” आणि थांबून, “दोनदा सांगतोय. वारा आहे.”

मग पेती आंटीचा.

“तेरीना, वाऱ्याचं पाणी आहे.”

“माहीत आहे, आंटी. मी वरच्या टोकालाच उभी आहे.”

“तुला माहीत आहे, ते मला माहीत आहे,” आंटी म्हणाली. तिच्या बाजूनं वाऱ्याचा आवाज येत होता, बहुधा दारातच उभी होती. “तरी केला.”